लेपर्ड गेकोचे वाण : नावांचा इतिहास आणि जनुकांची साक्ष

मराठीतील ‘वाण’ हा शब्द संस्कृत ‘वर्ण’ या शब्दापासून आलेला असून त्याच्या अर्थाला दोन अंगे आहेत. सावळा वाण, गोरा वाण असे म्हणताना त्याचा अर्थ रंग असा होतो. ज्वारीचा अथवा भाताचा वाण म्हणताना मात्र त्याच बीजापासून पिढ्यानुपिढ्या चालत राहणारा प्रकार असा अर्थ अभिप्रेत असतो. रंग डोळ्यांना तत्काळ दिसतो. प्रकार पिढी उलटल्यावाचून सिद्ध होत नाही. पाळीव प्राण्यांच्या रंगभेदांचा इतिहास पाहू जाणाऱ्यास या दोन अर्थांतील अंतर सतत ध्यानी ठेवावे लागते. पाळणारा प्राण्यास नाव देतो ते बहुधा पहिल्या अर्थाने, आणि विकत घेणारा तेच नाव स्वीकारतो ते दुसऱ्या अर्थाने. या अंतरात जे गैरसमज उद्भवतात त्यांची किंमत कित्येकदा त्या मुक्या प्राण्यास चुकवावी लागते.

या दृष्टीने लेपर्ड गेको या पाळीव पालीचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कबुतर, उंदीर, ससा इत्यादी प्राण्यांचे बहुतेक वाण अनुवंशशास्त्राच्या उदयापूर्वीच रूढ झालेले होते. लेपर्ड गेकोचे वाण मात्र गेल्या चार-पाच दशकांतील आहेत. मेंडेलचे नियम सर्वपरिचित झाल्यावर, जनुकांची परिभाषा पाळणाऱ्यांच्या तोंडी रुळल्यावर ते निर्माण झाले. तथापि त्यांची नावे ठेवताना जुन्याच चुका नव्या परिभाषेत घडल्या. त्या कशा घडल्या आणि कोणत्या साक्षीने उघड झाल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. प्राणी आणि त्याचे शास्त्रीय नाव

लेपर्ड गेको हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरड्या, खडकाळ प्रदेशाचा रहिवासी. आपल्या घरांतील पालीशी त्याचे नाते असले तरी दोन गोष्टींत तो तिच्याहून स्पष्टपणे वेगळा आहे. त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे तो गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. आणि त्याला हलणाऱ्या पापण्या असतात. ही दुसरी खूण त्याच्या प्रजातीच्या नावातच आली आहे. ‘युब्लेफारिस’ या ग्रीक घटकांनी बनलेल्या नावात ‘चांगली पापणी’ असा भाव आहे. ही प्रजाती जॉन एडवर्ड ग्रे याने १८२७ मध्ये स्थापिली व तिच्यातील पहिल्या जातीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी व प्राणिसंग्राहक टॉमस हार्डविक याचे नाव दिले.

आज पाळल्या जाणाऱ्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कलकत्त्यास झाले. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ याने १८५४ मध्ये, पंजाबातील सॉल्ट रेंज या डोंगररांगेतून आलेल्या नमुन्यांवरून, तिचे नाव ‘सिर्टोडॅक्टिलस मॅक्युलारियस’ असे ठेवले. ‘मॅक्युला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ठिपका. पुढे ही जाती ‘युब्लेफारिस’ या प्रजातीत घेण्यात आली. म्हणून आज तिचे नाव पूर्ण लिहिताना ‘युब्लेफारिस मॅक्युलारियस (ब्लिथ, १८५४)’ असे लिहितात. येथे कंस सहेतुक आहे. मूळ लेखकाने ही जाती दुसऱ्या प्रजातीत घातली होती व नंतर ती हलविली गेली, एवढी हकीकत प्राणिनामांच्या संकेतानुसार त्या कंसाने सांगितली जाते. शास्त्रीय नाव स्वतःच्या दुरुस्तीची नोंद अशा रीतीने स्वतःबरोबर वागविते. पाळीव वाणांच्या नावांची चर्चा करताना या साध्या कंसाचे महत्त्व पटेल.

ब्लिथने ज्यावरून नाव दिले ते ठिपकेही जन्मजात नसतात. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाच्या अंगावर काळे आणि पिवळसर असे आडवे पट्टे असतात. वाढीबरोबर ते पट्टे विरत जाऊन त्यांच्या जागी ठिपके येतात. एकाच प्राण्याची दोन वयांतील दोन रूपे इतकी भिन्न असल्यामुळे केवळ एकदा पाहून त्याचा प्रकार ठरविणे किती धोक्याचे आहे, याची सूचना निसर्गानेच दिलेली आहे.

महाराष्ट्राशीही या प्रजातीचा संबंध आहे. गुजरात व महाराष्ट्र यांतील रूप प्रथम ‘मॅक्युलारियस’चीच ‘फस्कस’ नामक उपजाती म्हणून वर्णिले गेले व पुढे स्वतंत्र जाती ठरले. सातपुड्यातील रूपही दीर्घकाळ वेगळे ओळखले गेले नव्हते. २०१४ मध्ये झीशान मिर्झा व त्यांचे सहकारी यांनी ‘युब्लेफारिस सातपुराएन्सिस’ या नावाने त्याचे स्वतंत्र वर्णन केले. एका नावाखाली अनेक वस्तू दडलेल्या असू शकतात, हे वन्य जातींच्या बाबतीतही असे दिसून येते.

२. बंदिवास आणि पैदास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९७० नंतर, पाकिस्तानातून हे प्राणी अमेरिकेत व युरोपात मोठ्या संख्येने जाऊ लागले. पाळण्यास ते सोपे ठरले. आकार वीतभर, स्वभाव शांत, आहार कीटकांचा, आयुष्य बंदिवासात वीस वर्षांपर्यंत. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, परंतु एका हंगामात अनेकदा घालते. पिले सुमारे वर्षभरात वयात येतात. दोन-तीन वर्षांत नातवंडांची पिढी पाहता येते, ही गोष्ट मेंडेलच्या रीतीने संकर करणाऱ्यास फार सोयीची होय.

त्यात आणखी एका वैशिष्ट्याची भर पडली. या जातीत पिलाचे लिंग गुणसूत्रांनी ठरत नाही. अंडे ज्या तपमानात उबते त्यावर ते अवलंबून असते. सुमारे २६ अंश सेल्सियसला जवळजवळ सर्व माद्या निपजतात, साडेबत्तीस अंशांच्या आसपास नरांचे आधिक्य असते, आणि ३४ अंशांच्या वर पुन्हा बहुतांशी माद्याच होतात. या वस्तुस्थितीचे दोन परिणाम संभवतात. पाळणाऱ्यास नर-मादींचे प्रमाण हवे तसे राखता येते, हा एक. दुसरा अनुवंशशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लिंगगुणसूत्रेच नसल्यामुळे कबुतरांत अथवा बजरीगर पक्ष्यांत आढळतात तसे लिंगाशी निगडित रंग येथे संभवत नाहीत. रंगाचा वारसा नर व मादी यांस सारखाच मिळतो, व त्यामुळे संकराचे हिशेब सरळ राहतात. मात्र उबवणीच्या तपमानाने पिलाच्या रंगाची छटाही थोडीबहुत बदलते. कमी तपमानात उबलेली पिले गडद दिसतात, आणि अनुवंशाने आलेले कोणते व तपमानाने आलेले कोणते, हा भेद अननुभवी डोळ्यास करता येत नाही.

३. त्वचेतील रंगपेशी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेत रंगाचे काम मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी करतात. पहिल्या प्रकारच्या पेशींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य असते. दुसऱ्या प्रकारच्या पेशींत पिवळी व नारिंगी द्रव्ये असतात. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे इरिडोफोर या पेशींत रंगद्रव्य असे नसतेच. ग्वानीनचे सूक्ष्म स्फटिक असतात, व त्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन पांढरी अथवा चकचकीत छटा दिसते. लेपर्ड गेकोच्या अंगावरील काळा ठिपका, पिवळी पाठ आणि पांढरे पोट हा या तिघींच्या मांडणीचा परिणाम होय.

मेलॅनिन तयार होण्याच्या मार्गात अनेक टप्पे असतात व प्रत्येक टप्प्यामागे वेगळे जनुक असू शकते. मार्ग कोठेही तुटला तरी बाहेरून दिसणारे फळ जवळपास सारखेच येते. वीजप्रवाह बंद पडला म्हणजे दिवा विझतो. परंतु दोष बटनात, तारेत की दिव्यात, हे अंधाराकडे पाहून कळत नाही. पुढील सर्व गोंधळाचे मूळ एवढ्यात आहे.

४. ‘अल्बिनो’ : एक नाव, तीन जनुके

डोळ्याने ठेवलेल्या नावांचा पहिला ठळक दाखला १९९१ मध्ये मिळतो. त्या सुमारास अमेरिकेत ठिपके नसलेला एक वाण पुढे आला व त्यास ‘ल्यूसिस्टिक’, म्हणजे रंगपेशींच्या अभावामुळे पांढरा, असे नाव मिळाले. परंतु या वाणाची पिले जन्मतः डागाळलेली असतात व ते डाग वाढत्या वयात पुसट होत जातात. शिवाय प्रौढ प्राणी पांढरा नसून पिवळसर किंवा राखट असतो. तेव्हा ते नाव मागे पडले व प्रथम पैदास करणाऱ्याच्या आडनावावरून ‘मर्फी पॅटर्नलेस’ हे नाव रूढ झाले. त्यानंतर आलेला ‘ब्लिझर्ड’ हा वाण जन्मापासूनच ठिपक्यांवाचून असतो. प्रौढपणी दोन्ही वाण पुष्कळसे सारखे दिसतात. परंतु त्यांचा परस्परसंकर केला असता पिले सर्वसाधारण ठिपक्यांची निपजतात. अर्थात दोहोंचे जनुक भिन्न आहेत.

याच कसोटीने ‘अल्बिनो’ या नावाची खरी परीक्षा झाली. ‘पांढरा’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘अल्बस’ या शब्दापासून पोर्तुगीजमार्गे आलेल्या या शब्दाचे शास्त्रीय व्यवहारात मेलॅनिनच्या अभावाशी नाते जडले. लेपर्ड गेकोत असा वाण १९९६ मध्ये प्रथम निपजला व ‘ट्रेम्पर अल्बिनो’ म्हणून प्रसिद्धीस आला. पुढील थोड्याच वर्षांत दोन वेगळ्या ठिकाणी, परस्परांशी संबंध नसलेल्या कळपांत, आणखी दोन अल्बिनो वाण निपजले. एकास ‘रेनवॉटर’ किंवा गावाच्या नावाने ‘लास व्हेगस’ अल्बिनो म्हणतात. दुसऱ्यास ‘बेल’ अल्बिनो. तिघांतही काळा रंग नाहीसा होऊन तपकिरी, गुलाबी व पिवळ्या छटा उरतात. डोळ्यांच्या रंगात सूक्ष्म भेद असतात, परंतु ते सर्वांस ओळखता येतील असे नाहीत.

तिन्ही वाण अप्रभावी आहेत, म्हणजे आईबाप दोघांकडूनही तेच जनुक आल्यावाचून रंग प्रकट होत नाही. आता अल्बिनोचा अल्बिनोशी संकर केला तर सर्व पिले अल्बिनो व्हावीत, अशी साहजिक अपेक्षा असते. ट्रेम्पर व बेल यांच्या संकरातून प्रत्यक्षात ठिपकेदार, काळ्या रंगाची, अगदी रानटी रूपाची पिले निपजली. एकाकडे जे सदोष होते ते दुसऱ्याकडे निर्दोष होते, व पिलांत दोन्ही उणिवा भरून निघाल्या. रेनवॉटरच्या बाबतीतही असेच झाले. एका नावाखाली तीन वेगळे वारसे आहेत, हे निर्विवाद सिद्ध झाले.

अनुवंशशास्त्राच्या अभ्यासकांस हा अनुभव नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम बेटसन व रेजिनाल्ड पनेट यांनी वाटाण्याच्या कुळातील ‘स्वीट पी’ या फुलझाडाच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला होता, व त्यातून जांभळी फुले आली होती. पुढच्या पिढीत जांभळ्या व पांढऱ्या फुलांचे प्रमाण नऊस सात असे पडले. दोन पांढरे रंग दोन निरनिराळ्या कारणांनी पांढरे होते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. पाळणाऱ्यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी तोच प्रयोग, बहुतेक वेळा अभावितपणे, पुन्हा केला.

याचा व्यावहारिक परिणाम किरकोळ नव्हता. तीन वारसे एकत्र मिसळले की पिलांत दोन-दोन अप्रभावी जनुके गुप्तपणे वाहू लागतात. पुढे त्यांतून अल्बिनो निपजला तर तो तिहींपैकी कोणता, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून ‘अल्बिनो’ या सामान्यनामास वंशाचे विशेषण जोडणे अपरिहार्य झाले. ट्रेम्पर, बेल, रेनवॉटर ही आडनावे येथे गौरवार्थ आलेली नाहीत. ती भेददर्शक आहेत. विशेषण गळाले की माहिती गळते, आणि एकदा गळलेली माहिती परत मिळविण्यास नवे संकर व नव्या पिढ्या लागतात.

५. नावांचे व्याकरण

पाळणाऱ्यांच्या भाषेत पुढे नावांचे एक छोटे व्याकरणच तयार झाले. त्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हेट’. बेटसन व त्याची सहकारी एडिथ साँडर्स यांनी १९०२ मध्ये ‘हेटरोझायगोट’ म्हणजे विषमयुग्मजी ही संज्ञा योजिली. तिचे हे बाजारी लघुरूप. ‘हेट ट्रेम्पर’ म्हणजे अंगी ट्रेम्परचे एकच जनुक असलेला, दिसण्यात सर्वसाधारण असा प्राणी. दोन हेट प्राण्यांच्या संकरातून चारांत एक पिलू अल्बिनो निपजावे अशी अपेक्षा असते. उरलेल्या सर्वसाधारण पिलांपैकी प्रत्येक पिलू वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. ती शक्यताही ‘६६ टक्के हेट’ अशा रूपाने नावात शिरली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे विशेषण मोठे चमत्कारिक आहे. रंगाच्या व्यवहारातील विशेषण सामान्यतः दृश्य गुण सांगते. हे अदृश्य गुण सांगते. त्याची सत्यता प्राण्याच्या अंगावर कोठेही लिहिलेली नसते. ती विकणाऱ्याच्या नोंदवहीवर अवलंबून असते. ‘६६ टक्के’ हे तर त्या विशिष्ट प्राण्याचे वर्णनच नव्हे. तो प्राणी वाहक असतो अथवा नसतो. टक्केवारी आहे ती सांगणाऱ्याच्या अज्ञानाची.

दुसरा शब्द ‘सुपर’. ‘मॅक स्नो’ हा वाण पांढरट छटेचा असून त्याचे एक जनुक असले तरी रंग दिसतो. दोन जनुके एकत्र आली तर रूप आणखी बदलते व डोळे संपूर्ण काळे होतात. त्यास ‘सुपर स्नो’ म्हणतात. येथे ‘सुपर’ म्हणजे समयुग्मजी. परंतु काळे ठिपके कमी असलेल्या ‘हायपो’ वाणातील, अंगावर ठिपका जवळजवळ नसलेल्या प्राण्यास ‘सुपर हायपो’ म्हणतात, तेव्हा ‘सुपर’ याचा अर्थ केवळ ‘अधिक’ असा असतो. एक उपसर्ग वारसा सांगतो, तोच उपसर्ग अन्यत्र केवळ दिसण्याची मात्रा सांगतो. त्याचप्रमाणे ‘मॅक स्नो’ला पाळणारे ‘को-डॉमिनंट’ म्हणजे सहप्रभावी म्हणत आले. सहप्रभावात दोन्ही गुण शेजारी-शेजारी प्रकट व्हावे लागतात. येथे मधली अवस्था दिसते, म्हणून अपूर्ण प्रभाव हीच संज्ञा योग्य होय.

तिसरा प्रकार आद्याक्षरांच्या नावांचा. ‘रॅप्टर’ हे नाव लाल डोळा, अल्बिनो, पॅटर्नलेस, ट्रेम्पर व ऑरेंज या पाच शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. हे नाव म्हणजे एक कृतीच होय. कोणकोणते गुण एकत्र केले ते ते सांगते. परंतु त्यातील ‘पॅटर्नलेस’ म्हणजे मर्फीचा पॅटर्नलेस नव्हे. तो पाठीवरील पट्ट्यांच्या निवडीतून आलेला निराळा गुण आहे. आणि ‘ऑरेंज’ हा तर एका जनुकाचा गुण नाही. अनेक पिढ्यांतून अधिकाधिक नारिंगी प्राणी निवडून साधलेली ती छटा आहे. एकेरी जनुकाचा गुण व निवडीने साधलेला बहुजनुकी गुण ही दोन्ही एकाच नावात एकाच पदरी बसली आहेत.

६. एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट

येथवरच्या चुका हिशेबाच्या होत्या. पुढील दोन उदाहरणे अधिक गंभीर आहेत.

‘एनिग्मा’ म्हणजे कोडे. या वाणाचे ठिपके व छटा प्राण्यागणिक बदलतात म्हणून हे नाव शोभून दिसले. हा गुण प्रभावी आहे, म्हणून एका पालकाकडून आला तरी पुरतो, व वाण त्वरेने पसरला. नंतर ध्यानात आले की यातील पुष्कळ प्राणी मान वाकडी करतात, गोल गोल फिरतात, डोके वर करून स्तब्ध राहतात, भक्ष्यावर झेप घेताना चुकतात. हा मज्जासंस्थेचा विकार रंगाबरोबरच येतो. काही प्राण्यांत तो सौम्य असतो, काहींत दुःसह. निवडक पैदाशीने तो रंगापासून वेगळा काढण्याचे प्रयत्न भरवशाचे ठरले नाहीत. नावाने रंगाचे कोडे सांगितले. रोगाविषयी त्यात अक्षर नव्हते.

‘लेमन फ्रॉस्ट’ची कथा याहून स्पष्ट आहे, कारण येथे साक्ष जनुकापर्यंत पोचली. २०१५ च्या सुमारास बाजारात आलेल्या या वाणात अंगावरील पांढरा रंग विलक्षण उजळ असतो व त्याच्या पार्श्वभूमीवर पिवळा रंग खुलून दिसतो. गुण अर्धप्रभावी असल्याने एका जनुकानेही रंग दिसतो. दोन जनुके असलेल्या प्राण्याची त्वचा जाड होते. काही काळाने या प्राण्यांच्या त्वचेवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. २०२० मध्ये पोलंडमधील संशोधकांनी या गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या इरिडोफोर पेशींच्या अर्बुदाच्या होत्या. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिओनिड क्रुगल्याक यांच्या प्रयोगशाळेने या वाणाचा अनुवंशशास्त्रीय अभ्यास ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पैदास करणाऱ्याकडील वंशावळी व नमुने यांच्या आधाराने त्यांनी हा गुण गुणसूत्राच्या एका लहानशा भागापर्यंत आणून पोचविला. त्या भागातील ‘स्पिंट-१’ हे जनुक त्याचे कारण असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे जनुक पेशींच्या अनिर्बंध वाढीस आळा घालणारे असून मनुष्याच्या त्वचेच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसतो. या वाणाच्या ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांत अर्बुद आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. उजळ पांढरा रंग व अर्बुद हे दोन वेगळे गुण योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. इरिडोफोर पेशी प्रमाणाबाहेर वाढतात म्हणून रंग उजळ होतो, आणि त्याच पेशी प्रमाणाबाहेर वाढतात म्हणून गाठी होतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ हे नाव ज्या शोभेला दिले गेले ती शोभा म्हणजे रोगाचेच पहिले लक्षण होते. निवडक पैदाशीने रंग ठेवून रोग काढू, ही आशा त्यामुळे निराधार ठरते.

७. उपसंहार

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची पहिली आवृत्ती १९६१ मध्ये निघाली. उपजातीपेक्षा खालच्या नावांना ती अधिकारकक्षेत घेत नाही. त्यामुळे पाळीव वाणांच्या नावांवर तिचा अंमल नाही. ब्लिथच्या नावाभोवतीचा कंस जे सांगतो ते ‘अल्बिनो’ अथवा ‘एनिग्मा’ ही नावे सांगत नाहीत. दुरुस्ती झाली तरी तिची खूण नावावर उमटत नाही; जुने नाव, जुना अर्थ व नवे ज्ञान ही तिन्ही एकाच वेळी व्यवहारात फिरत राहतात.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तीन अल्बिनो वेगळे आहेत हे प्रथम दाखविले ते पाळणाऱ्यांच्या संकरांनी. लेमन फ्रॉस्टचे जनुक हाती आले ते एका पैदासकाराने जपलेल्या वंशावळीमुळे, आणि शास्त्रीय निबंधाच्या लेखकांत त्याचेही नाव आहे. ज्या नोंदवहीवाचून ‘हेट’ हा शब्द पोकळ ठरतो, तीच नोंदवही प्रयोगशाळेचा आधार ठरली. वाणाचे नाव विश्वसनीय व्हावयाचे तर त्याच्यामागे अशी वही असली पाहिजे. कोणत्या वंशातून आला, कोणाशी संकर झाला, पिलांत काय दिसले आणि कोणत्या वयात कोणता विकार उद्भवला, एवढ्या गोष्टी तीत लिहिलेल्या असल्या म्हणजे ‘वाण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, रंग आणि बीज, पुन्हा एकमेकांस पडताळून पाहता येतात.